बांधावरच्या गप्पा : दुभत्याच्या खोलीतला होकार



दर आठवड्याला आपण बी-बियाणे, खते, कीड, जनावरांचे आजार यांवर बोलतो. आज थोडी वेगळी गोष्ट सांगणार आहे. गोष्ट आहे विलायतेतल्या एका जहागीरदाराची आणि त्याच्या घरी दूधदुभत्याचे काम करणाऱ्या मुलीची. तिच्यात दूध आहे, लोणी आहे, मेंढरे आहेत आणि शेवटी जमीनही आहे. तेव्हा हा माणूस आपली हद्द सोडून भलतीकडे गेला, असे समजू नका.

निमित्त घडले ते एका मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाचे. ओळखीचे घर, म्हणून मीही गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलाकडच्यांनी पसंती सांगितली. मग कुणीतरी वडीलधाऱ्याने मोठ्याने विचारले, "काय गं पोरी, तुलाही पसंत आहे ना?" पंधरा-वीस माणसे त्या मुलीच्या तोंडाकडे पाहत होती. तिने मान खाली घातली. मान जराशी हलली. "झालं, होकार आला!" म्हणत पेढे वाटले. मीही एक खाल्ला. परतीच्या वाटेवर मात्र मनात आले, की या पोरीला नाही म्हणायचे असते, तर ते तिने कुठे आणि कसे म्हणायचे?

तेव्हा मला ही जुनी गोष्ट आठवली.

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स नावाचा प्रांत आहे. तिथे चुनखडीच्या बुटक्या डोंगरांची एक रांग आहे. तिला साउथ डाऊन्स म्हणतात. साउथडाऊन जातीच्या मेंढ्या मूळच्या इथल्याच. या डोंगरावर अपपार्क नावाचा एक मोठा वाडा आहे. १७४७ साली तो सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ यांनी विकत घेतला. १७७४ साली ते वारले आणि वाडा, जमीन, पैसा आणि 'सर' हा वंशपरंपरेचा किताब त्यांच्या एकुलत्या मुलाकडे आला. त्याचे नाव हॅरी. वय तेव्हा पुरते वीसही नव्हते.

पोरवयात हातात पैसा आला म्हणजे काय होते, ते आपण आपल्याकडेही पाहतो. घोड्यांच्या शर्यती, शिकार, मेजवान्या यांत दिवस जाऊ लागले. पुढे जो चौथा जॉर्ज म्हणून राजा झाला, तो युवराज या वाड्यावर पाहुणा म्हणून येत असे.

१७८० च्या सुमाराला सर हॅरींनी एमा नावाची एक मुलगी आणून ठेवली. ती एका लोहाराची लेक. बाप ती तान्ही असतानाच गेलेला, आणि लहानपणापासून ती दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिलेली. वय पंधरा-सोळा. वर्षभर ती वाड्यावर राहिली. मग तिला दिवस गेले, आणि १७८१ च्या अखेरीस सर हॅरींनी तिला घालवून दिले. मदतीसाठी तिने पत्रांवर पत्रे लिहिली, तरी त्यांनी दाद दिली नाही. शेवटी दुसऱ्या एका गृहस्थाने तिला आधार दिला. तिची मुलगी परक्या घरी वाढली. हीच एमा पुढे लेडी हॅमिल्टन झाली आणि आरमाराचा सेनापती नेल्सन याची प्रेयसी म्हणून इतिहासात राहिली. १८१५ साली फ्रान्समधल्या कॅले गावी ती कर्जबाजारी अवस्थेत वारली.

हे आधी सांगितले, कारण पुढची गोष्ट ऐकताना सर हॅरी म्हणजे कुणी देवमाणूस होते असा समज व्हायला नको. तरुणपणी एका गरीब पोरीला त्यांनी कसे वागवले, ते तुम्ही ऐकलेत.

वर्षे गेली. सर हॅरी सत्तरीला आले. लग्न केलेले नव्हते. युवराजाशी बिनसले होते. वाडा मोठा आणि माणूस एकटा.

त्या वेळच्या इंग्लंडात प्रत्येक मोठ्या वाड्याला दूधदुभत्याची एक वेगळी खोली असे. इंग्रजीत तिलाच डेअरी म्हणतात. आपण दुधाला विरजण लावतो, दही घुसळतो आणि लोणी काढतो. त्यांची रीत निराळी. ताजे दूध गाळून पसरट, उथळ भांड्यांत ओतून ठेवायचे. रात्रभरात साय वर आली, की ती चपट्या झाऱ्याने अलगद उचलायची. साठलेली साय लाकडी पिंपात घुसळून लोणी काढायचे, थंड पाण्याने धुवायचे, मीठ लावून थापायचे. साय वेगळी करण्याचे द लाव्हालचे यंत्र आले १८७८ साली. तोवर हे सगळे काम बायकांच्या हातांवर चाले. खोली थंड हवी, फरशी धुतलेली हवी, भांड्याला आंबूस वास राहता कामा नये. कुठे कसूर झाली तर सगळे लोणी खवट. ज्या माउलीने घरी गाय-म्हैस सांभाळली आहे, तिला यापेक्षा जास्त सांगायला नको.

अपपार्कच्या दुभत्याच्या खोलीत मेरी ॲन बुलक नावाची मुलगी काम करत असे. वय विशीच्या आसपास. सांगतात, की काम करता करता ती गात असे. सर हॅरी फिरायला निघाले, की त्यांच्या कानी तो आवाज पडे आणि पाऊल तिथे थांबे. एक दिवस ते दारात उभे राहिले आणि त्यांनी तिला सरळ लग्नाचे विचारले.

आता त्या मुलीच्या जागी उभे राहून पाहा. समोर धनी. पगार त्याचा, डोक्यावरचे छप्पर त्याचे. हो म्हणावे, तर घरभर हसे. नाही म्हणावे, तर कदाचित उद्या काम जाईल. ती गप्प उभी राहिली. आणि इथेच त्या म्हाताऱ्याला शहाणपण सुचले. त्यांनी सांगितले, की आत्ता काही बोलू नकोस. आज माझ्या जेवणाला मेंढराची भाजलेली मांडी येणार आहे. तुला मान्य असेल, तर ती वर येण्याआधी तिचा एक तुकडा कापून ठेव.

संध्याकाळी ताट आले. मांडीचा एक तुकडा कापलेला होता.

पिढ्यान् पिढ्या त्या वाड्यात ही हकिकत अशीच सांगत आले. ऐकणारा हसतो, की काय हा मटणाच्या तुकड्यावरचा सोयरसंबंध! मला त्यातली मेख वेगळी वाटते. मांडी अख्खी आली असती, तर काय झाले असते? काहीच नाही. सर हॅरी मुकाट्याने जेवले असते, आणि दुसऱ्या दिवशी मेरी ॲन आपली साय काढायला गेली असती. नाही हा शब्द तिला तोंडावर उच्चारावा लागला नसता, आणि धन्यालाही तो चार माणसांत ऐकावा लागला नसता. ज्या माणसाने एमाला कधी काही विचारले नसेल, त्याने सत्तराव्या वर्षी एका मोलकरणीला नकार द्यायची वाट मोकळी ठेवली. माणूस उशिरा का होईना, शिकतो.

१८२५ च्या सप्टेंबरात त्यांचे लग्न झाले. नवरा सत्तर वर्षांचा, नवरी विशीतली. हे अंतर शोभणारे नव्हतेच, आणि आज कुणी असे लग्न ठरवू लागला तर मी आधी मुलीच्या आईबापांशी बोलायला जाईन. तिला लिहिणे-वाचणे आणि भरतकाम शिकण्यासाठी पॅरिसला पाठवले होते, असे सांगतात. तिची धाकटी बहीण फ्रान्सिस हिलाही वाड्यात आणून वाढवले. लोक कुजबुजले, नोकरचाकर गालात हसले. पण एकवीस वर्षे संसार टिकला. सर हॅरी १८४६ साली, ९१ वर्षांचे होऊन वारले.

आता जमिनीचे पाहा. त्यांना औरस मूल नव्हते. त्यांच्याबरोबर किताबही संपला. त्या काळी असली मिळकत बहुधा पुरुष वारसाच्याच हाती जायची. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मिळकत ठेवण्याचा पुरता हक्क इंग्लंडात १८८२ च्या कायद्याने मिळाला, तोही पुढे छत्तीस वर्षांनी. अशा काळात सर हॅरींनी मृत्युपत्र करून वाडा आणि जमीन बायकोच्या हाती सोपवली. सोनेनाणे देऊन तिची बोळवण केली नाही.

आणि तिने काय केले? उधळले नाही, विकले नाही, मिरवलेही नाही. त्या वर्षांत श्रीमंतांच्या घरी जुने काढून नवे भरायची चढाओढ लागली होती. मेरी ॲनने मात्र धनी असताना जसे होते तसेच सगळे ठेवले. पडदे, गालिचे, भिंतींचे कागद, खुर्च्या जागच्या जागी राहिल्या. मोडले ते दुरुस्त केले, मळले ते झटकले. १८७४ साली ती गेली. मग बहीण फ्रान्सिसने १८९५ पर्यंत तोच शिरस्ता चालवला. दुभत्याच्या खोलीत लागलेली सवय होती ती. भांडे रोज घासायचे आणि जागच्या जागी ठेवायचे.

या फ्रान्सिसबाईंच्या हाताखाली १८८० पासून १८९३ पर्यंत सारा वेल्स नावाची बाई घराची व्यवस्था पाहत असे. तिचा मुलगा सुट्टीत आईकडे येई आणि वाड्यातली जुनी पुस्तके वाचत बसे. तोच पुढे मोठा लेखक झाला. त्याचे नाव एच. जी. वेल्स.

पुढे वाडा दुसऱ्या वारसांकडे गेला. विसाव्या शतकात त्या घरच्या एका सुनेने जुने विरलेले पडदे साबणवेलीसारख्या एका झाडाच्या फेसाने धुऊन वाचवले. आपण रिठ्याने रेशमी लुगडे धुतो, तसेच. १९५४ साली वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. ३० ऑगस्ट १९८९ रोजी छपराच्या दुरुस्तीचे काम चालू असताना आग लागली आणि वरचे मजले कोसळले. खालच्या मजल्यावरचे बरेचसे सामान मात्र लोकांनी हातोहात बाहेर काढले. त्याच्या आधाराने वाडा पुन्हा उभा केला आणि १९९५ मध्ये लोकांसाठी उघडला. इतके जुने, इतके जसेच्या तसे घर तिथे पाहायला मिळते, त्याचे मोठे श्रेय लोणी काढणाऱ्या मेरी ॲनला आणि तिच्या बहिणीला आहे.

मंडळी, या गोष्टीतून मी दोनच गोष्टी उचलल्या. विस्तार अधिकाऱ्याला शेवटी शिफारस केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सांगतो.

पहिली. मुलीला बैठकीत, पाहुण्यांसमोर विचारू नका. पाहुणे गेल्यावर आईने, मावशीने किंवा वहिनीने चुलीपाशी एकटीला विचारावे. दोन दिवस द्यावेत. नाही म्हणाली, तर उलटतपासणी करू नये. पाहुण्यांना काय कळवायचे ते वडिलांनी आपल्या शब्दांत कळवावे. होकार खरा कधी? नकार द्यायची सोय असेल तेव्हा.

दुसरी. जिच्या हातांनी गोठा चालतो, जिला कोणत्या वाफ्यात काय आहे ते तुमच्याआधी माहीत असते, तिचे नाव सातबाऱ्यावर आहे का, ते या आठवड्यात एकदा काढून पाहा. नसेल तर तलाठ्याकडे चौकशी करा. राखणारा हात कोणाचा, हे घरातल्या माणसांना ठाऊक असतेच. ते कागदावरही यायला हवे.

त्या पेढ्याची चव मात्र अजून माझ्या जिभेवर आहे. पुढच्या वेळी मी आधी विचारीन, "पोरीला एकटीला कुणी विचारलंय का?" आणि मगच हात पुढे करीन.

रामराम.