खोताची अभावणी आणि बाबासाहेबांचे विधेयक

दिवाळी अंकाने वाचकांचे रंजन करावे ही अपेक्षा रास्त आहे, आणि कथा-कवितांच्या बाबतीत ती यंदाही पुरी झाली असावी अशी आमची समजूत आहे. तथापि अंकाचा एक विभाग आम्ही जाणूनबुजून राज्यशास्त्राच्या त्या शाखेला दिला आहे, जी कायदा, अर्थकारण आणि लोकचळवळी यांचा एकत्र विचार करते. ही अभ्यासपद्धती अलीकडे परदेशांतून आली असे मानणाऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे खोतीविषयीचे कार्य अवश्य पाहावे.

कोकणातला खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वंशपरंपरागत मध्यस्थ. सरकारसारा भरण्याची जबाबदारी त्याची खरी, परंतु उभ्या पिकाची अभावणी करून आपला हिस्सा ठरविण्याचा अधिकारही त्याच्याच हाती, आणि अर्धेल कुळाने निम्मे धान्य देऊन वर वेठही करावी असा शिरस्ता. १८८० च्या खोती कायद्याने खोताच्या हक्कांना दप्तरी मान्यताच दिली. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि अपार हाल सोसून तो संप सहा वर्षे चालविला, तेव्हा बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

कोलंबियात अर्थशास्त्र, लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी ही त्यांची सारी विद्या १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत मांडलेल्या विधेयकात उतरली आहे. खंडात सूट मागून ते थांबले नाहीत. खोतांना वाजवी भरपाई देऊन खोतीच नष्ट करावी आणि कुळांना १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातील कब्जेदाराचा दर्जा द्यावा, अशी त्यांची योजना होती. भरपाईचे कलम काहींना मवाळ वाटेल. आम्हांस त्यात मालमत्तेच्या हक्काचा आक्षेप आधीच हेरणारा कायदेपंडित दिसतो. पुढे १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. विधेयकाला बळ हवे तर ते सभागृहाबाहेरूनच येणार, हे त्याच्या कर्त्यास पुरते ठाऊक होते.

विधेयक संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला, तेव्हा बाबासाहेब दिल्लीत कायदेमंत्री होते. आमचे मत असे, की राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती घटनेच्या आधी हे विधेयक द्यावे.