कोयता चालतो, गोळा चालत नाही

परभणीच्या ज्योती गवते २०१७च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. ४२.१९५ किलोमीटर, २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. जिल्ह्याची छाती फुगली. याच जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४८ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९–२१) सांगते. त्याची लाज मात्र कुणालाच वाटली नाही.

खेळाची शिक्षिका व्हायचं तर बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी लागते. तिला प्रवेश पदवीनंतर, म्हणजे एकविशीत; पुढे दोन वर्षं. तोवर आमच्या निम्म्या लेकी कडेवर लेकरू घेऊन उभ्या. आणि क्रीडादिनाच्या भाषणात आपण विचारणार, मैदानावर मुली का दिसत नाहीत!

‘मुलीच्या जातीला खेळणं शोभत नाही.’ मग ऊसतोड कशी शोभते? गंगाखेड-सोनपेठकडून दरवर्षी टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो पुरा व्हावा म्हणूनही पोरींची लग्नं उरकली जातात. ती पोर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा कुणाची अब्रू जात नाही. तिनं ट्रॅक पँट घालून चार किलोचा गोळा फेकला की भावकीची मान खाली जाते. दुसऱ्यासाठी राबणारं अंग आपल्याला चालतं. स्वतःसाठी पळणारं खुपतं.

गरिबीचं कारण पुढे करू नका. शहरातली पगारदार घरं काय करतात? पोरगी नववीत गेली की मैदान बंद, शिकवणी सुरू. खेळाचा तास गणिताला दिला म्हणून शाळेत भांडायला गेलेला पालक मला अजून भेटायचाय. नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण मात्र सगळ्यांना तोंडपाठ. त्यासाठी खेळावंच लागतं असं नाही, हे बोगस प्रमाणपत्रवाल्यांनी राज्याला दाखवलंच आहे.

‘पळायला शिकायचं तर कॉलेज कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी बी.पी.एड.चा अभ्यासक्रम उघडून बघावा. शरीररचना, शरीरक्रिया, क्रीडा मानसशास्त्र, चाचण्या आणि मोजमाप. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हेही तेच सर्वेक्षण सांगतं. दोन फेऱ्यांत धापा टाकत खाली बसलेली मुलगी आळशी नसेल, आधी तिचं हिमोग्लोबिन बघा, असं सांगणारी बाई शाळेत हवी. अशी बाई शिकून आली तर आपण तिला तासिका तत्त्वावर घेतो आणि प्रार्थनेच्या रांगा लावायला, पंधरा ऑगस्टची कवायत बसवायला उभी करतो. वर पुन्हा, पीटीच्या बाईंना काम काय असतं, हे आहेच.

पोलीस भरतीची जाहिरात निघू द्या. महिलांना आठशे मीटर, शंभर मीटर आणि तोच चार किलोचा गोळा. काल नाक मुरडणारे काका आज पहाटे पुतणीला मोटारसायकलवर बसवून मैदानात सोडतात, हातात मोबाईलवर वेळ लावून कडेला उभे राहतात आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडतात, ‘पळ बाई, पळ!’