परटिणीचा घाट आणि एकोणीस किलोमीटरचा पूल

आग्र्याहून सुटकेची गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या गोष्टीतल्या एका माणसाला मात्र आपण आग्र्यातच सोडून देतो. तो म्हणजे मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह. शिवाजी महाराजांसाठी तो बादशहाकडे जामीन राहिला होता. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज निसटले आणि सगळं बालंट रामसिंहावर आलं. मनसब गेली, दरबार बंद झाला. पुढे औरंगजेबाने त्याला मोहिमेवर धाडलं ते थेट आसामात, आहोमांशी लढायला. ही मोहीम म्हणजे बढती नव्हती, उट्टं होतं, असं मानणारे इतिहासकार बरेच आहेत. १६७१ मध्ये सराईघाटच्या लढाईत आहोम सेनापती लाचित बरफुकनने रामसिंहाला मागे रेटलं. पण आसामात शिरताना त्याचा तळ ज्या पट्ट्यात पडला, तिथल्या नदीकाठच्या एका छोट्या गावाला त्याची आठवण अजून आहे. त्या गावाचं नाव धुबरी.

आसामच्या नकाशावर धुबरी अगदी पश्चिमेच्या कोपऱ्यात सापडते. गुवाहाटीहून रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वेकडून आडवी वाहत आलेली ब्रह्मपुत्रा इथे गारो टेकड्यांना वळसा घालून दक्षिणेला उतरते आणि बांगलादेशात शिरली की यमुना म्हणवून घेते. गावाच्या तीन बाजूंना पाणी. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती जेमतेम त्रेसष्ट हजार भरली. नगरपालिका मात्र १८८३ची.

गावाचं नाव एका परटिणीवरून पडलं. नेताई धुबुनी तिचं नाव. मनसा देवीच्या कथेत बेहुला आपल्या मेलेल्या नवऱ्याला, लखिंदरला, केळीच्या तराफ्यावर घालून नदीतून निघते आणि वाहत वाहत नेताईच्या घाटाला लागते. नेताई देवांचे कपडे धुते. तिचं पोर कामात खोडा घालतं, म्हणून ती त्याला चक्क मारून बाजूला ठेवते, दिवसभर कपडे आपटते आणि संध्याकाळी पाणी शिंपडून त्याला पुन्हा उठवते. ते बघून बेहुलाच्या जिवात जीव येतो. हीच बाई आपला नवराही उठवील! घाटावरचा मोठा दगड तिचा धुण्याचा दगड म्हणून आजही दाखवतात.

गंमत अशी, की हीच परटीण शिखांच्या कथेतही आहे, पण तिथे ती चेटकीण होते. रामसिंहाबरोबर शिखांचे नववे गुरू तेगबहादूर इथे आले होते. नांदेडला ज्यांची समाधी आहे त्या गुरू गोविंदसिंगांचे हे वडील. कामरूपच्या जादूगारणींनी त्यांच्यावर दगड फेकला, झाड उपटून फेकलं, काही चाललं नाही आणि शेवटी त्या शरण आल्या, अशी आख्यायिका आहे. मग सैनिकांनी ढालींतून माती वाहून एक उंचवटा रचला, त्यावर आज गुरुद्वारा उभा आहे. त्याआधी १५०५ मध्ये गुरू नानकही इथे येऊन गेले, अशी परंपरा सांगते. दर वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला इथे शहीदी गुरुपर्व होतं, दुरून दुरून संगत येते आणि लंगरच्या पंगतीला गावातले हिंदू-मुसलमानही बसतात. जवळच पंचपिरांचा दर्गा आहे. तेही पाच फकीर याच रामसिंहाच्या फौजेबरोबर आले, असं लोक सांगतात. एका हरलेल्या सरदाराच्या मोहिमेने गावाला एवढं देऊन ठेवलं.

आज धुबरीचं नाव निघालं की दिल्लीच काय, गुवाहाटीतला अधिकारीसुद्धा 'दुर्गम' आणि 'सीमावर्ती' हे दोन शब्द आधी काढतो. हे दोन्ही शब्द गावाला फाळणीनंतर चिकटले. त्याआधी धुबरी आसामचं दार होतं. १८७९ मध्ये गोलपाडा जिल्ह्याचं मुख्यालय इथे आलं. बंगालमधून निघालेल्या आगबोटी धुबरीला लागून पुढे वर जायच्या. ताग आणि मासळी इथून बाहेर पडायची. कोलकात्याची आगगाडी आज बांगलादेशात असलेल्या लालमनीरहाटकडून यायची. १९२०च्या दशकात स्वीडिश कंपनीने इथे काडेपेटीचा कारखाना काढला, तोही अशाच वाहतुकीच्या जोरावर. मग १९४७ मध्ये रॅडक्लिफची रेघ आली आणि गाडीचा रस्ता तुटला. १९६५च्या युद्धात पाकिस्तानने नदीची वाटही बंद केली. कारखाना कसाबसा तग धरून होता, १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याचंही धुराडं थंड झालं. निसर्गाने या गावाला आडबाजूला टाकलेलं नाही. माणसांनी टाकलं, कागदावर आणि सह्या करून.

कागद मात्र पुष्कळ झाले. १९८८ मध्ये सदिया ते धुबरी हा ८९१ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक दोन म्हणून जाहीर झाला. प्रत्यक्षात काय हललं, हे शोधायला बरंच खाली वाकावं लागतं. जुलै २०१९ मध्ये एक चांगली गोष्ट घडली. भूतानचा दगड फुंतशोलिंगहून ट्रकने धुबरीला आला आणि इथून एका जहाजाने हजार टन माल बांगलादेशात नारायणगंजला पोचवला. पन्नासेक ट्रकांचं काम एका फेरीत झालं. पाणी आणि गिऱ्हाईक दोन्ही आहे, हे त्या फेरीने सिद्ध केलं. अशा फेऱ्या नेमाने व्हायला हव्यात, उद्घाटनापुरत्या नव्हेत.

याच वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, धुबरीच्या नदीतल्या सीमेवर ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक पहारा सुरू झाला. संवेदक, कॅमेरे, रात्रीचं दिसणारी यंत्रं. नदीत कुंपण घालता येत नाही, म्हणून ही तजवीज. सीमा राखायची तर ती हवीच. पण ज्या पाण्यावर एवढी यंत्रं नजर ठेवतात, त्याच पाण्यावर माणसं कशा होड्यांतून जातात, याकडे तितक्या बारकाईने कोण पाहतं?

भुटभुटी म्हणजे शेतीपंपाचं किंवा तसलंच एखादं डिझेल इंजिन बसवलेली लाकडी होडी. नाव तिच्या आवाजावरूनच पडलं. तीत माणसं बसतात, सायकली उभ्या राहतात, तागाचे गठ्ठे पडतात, बकऱ्या चढतात, मोटारसायकलीही आडव्या होतात. जागा संपली की टपावर. ३० एप्रिल २०१२च्या संध्याकाळी धुबरीजवळ अशीच एक भरलेली बोट वादळात सापडून उलटली आणि शंभराहून अधिक माणसं बुडाली. बोटीत जीवरक्षक जॅकेटं नव्हती. वैशाखात संध्याकाळी वावटळ उठते, आसामात तिला 'बर्दैसिला' म्हणतात, आणि ती कधी येते हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. म्हणून त्या रात्रीला निव्वळ दैवाचा घाला म्हणता येणार नाही. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नदीकाठची धूप पाहायला निघालेल्या सरकारी अधिकाऱ्यांची होडी याच जिल्ह्यात पुलाच्या खांबाला धडकून उलटली आणि त्यात एका अधिकाऱ्याचा जीव गेला. म्हणजे पाण्याने साहेब आणि रयत असा भेद केला नाही.

आता पूल येतोय. धुबरी ते मेघालयातलं फुलबारी, चौपदरी, एकोणीस किलोमीटरहून थोडा लांब. नदीवरचा देशातला सर्वात लांब पूल म्हणून त्याचा गाजावाजा आहे. जपानचं कर्ज, सुमारे पाच हजार कोटींचा खर्च, फेब्रुवारी २०२१ मध्ये पायाभरणी. आज रस्त्याने फुलबारीला जायचं तर जोगीघोपाच्या नरनारायण सेतूवरून दोनशे किलोमीटरचा हेलपाटा पडतो, नाहीतर अडीच तासांची होडी. पूल झाला की हे काम अर्ध्या तासाच्या आत होईल. तो हवाच होता, आणि फार उशिरा येतोय. त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा जूनमध्ये भुटभुटीने पलीकडे जाऊन यावं.

पण पूल या काठावरून त्या काठावर जातो. धुबरी जिल्ह्यातली कितीतरी माणसं या काठावरही नाहीत आणि त्याही काठावर नाहीत. ती मधे राहतात, चरांवर. चर म्हणजे नदीने गाळ टाकून उभं केलेलं आणि तिलाच वाटेल तेव्हा परत नेता येणारं बेट. २००२-०३ च्या सरकारी पाहणीत आसामात अशा २,२५१ चरवस्त्या आणि सुमारे पंचवीस लाख माणसं मोजली गेली. साक्षरता होती १९ टक्क्यांच्या आसपास. एकाच आयुष्यात सात-आठ वेळा घर उचलणारी कुटुंबं तिथे आहेत. घराच्या भिंती ताट्यांच्या आणि छप्पर पत्र्याचं, ते याचसाठी. नट सोडायचे, पत्रे होडीत टाकायचे आणि नव्या वाळूवर परत उभे करायचे.

१५ ऑगस्ट २०१७ चा एक फोटो अनेकांना आठवत असेल. पुराच्या पाण्यात शाळा, छातीपर्यंत बुडालेली दोन पोरं, आणि शिक्षक झेंड्याला सलामी देताहेत. ती शाळा धुबरी जिल्ह्यातली. देशभर त्या फोटोचं कौतुक झालं. पुढच्याच वर्षी नागरिक नोंदवहीचा मसुदा लागला, त्यात त्या पोरांपैकी एकाचं नाव नव्हतं. कौतुक करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ही दुसरी बातमी वाचली असेल.

गावापासून आठेक किलोमीटरवर गौरीपूर आहे. १९३५ चा 'देवदास' काढणारे प्रमथेश बरुआ तिथल्या जमीनदार घराण्यातले, गोलपाडिया लोकगीतं आसामभर पोचवणाऱ्या प्रतिमा बरुआ पांडे त्याच घरच्या, आणि २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेल्या माहूत पार्वती बरुआही. पण थांबावं ते गौरीपूरजवळच्या आशारीकांदीत. इथल्या बाया हिरामाटी नावाच्या चिकट मातीपासून 'हातीमा' नावाची बाहुली करतात. मांडीवर पोर घेऊन बसलेली आई, पण कान हत्तीसारखे रुंद. साचा नाही, सगळं बोटांनी. कान अंगठ्याने दाबून पसरवायचा, मग पोराला मांडीवर चिकटवायचं, उन्हात सुकवायचं आणि आव्यात भाजायचं. सरलाबाला देवींना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०२४ मध्ये आशारीकांदीच्या मातीकामाला भौगोलिक मानांकन. मानांकनाचा कागद आला, आता गिऱ्हाईक यायला रस्ता हवा. पुलाचा खरा फायदा कुणाला होतो, ते इथे कळेल.

पुलाच्या पाच हजार कोटींपुढे घाटाच्या मागण्या चिल्लर आहेत. प्रत्येक होडीत माणसागणिक जॅकेट. घाट सोडण्याआधी डोकी मोजणारा एक माणूस आणि जास्त भरली तर बोट अडवायचा त्याला अधिकार. चैत्र-वैशाखात दुपारनंतर हवामान खात्याचा इशारा घाटावरच्या भोंग्यातून. यात अशक्य असं काही नाही. डॉक्टर घेऊन चरांवर जाणारी बोट क्लिनिकं आसामात २००५ पासून चालतात, धुबरीतही चालतात. २०२१ मध्ये निमातीघाटाजवळ माजुलीची बोट बुडाल्यावर सरकारने एका इंजिनाच्या खासगी प्रवासी बोटींवर दुसऱ्याच दिवशी बंदी घातली होती. मनात आणलं की सरकार किती झटकन हलतं, ते तेव्हा दिसलं. ती हालचाल अपघाताच्या आधी व्हावी, एवढंच धुबरीकरांचं मागणं आहे.

पूल सुरू होईल त्या दिवशी नेते येतील, ट्रक धावतील. चरावरची बाळंतीण मात्र त्या दिवशीही होडीतूनच धुबरीच्या घाटाला येईल. आसाम सरकारने फीत कापायची तारीख ठरवण्याआधी त्या होडीत जॅकेटं मोजून घ्यावीत.