‘सर्व्हर डाऊन’ की वाट बंद? दोन शब्दांत बुडणारा कास्तकाराचा दिवस

सक्करदरा (नागपूर) : उमरेड रोडनं येणाऱ्या माणसासाठी शहर खऱ्या अर्थानं सुरू होतं ते सक्करदऱ्यात. उमरेड, भिवापूर, कुहीकडचा माणूस बियाणं घ्यायला येवो, मेडिकलला पेशंट घेऊन येवो की बुधवार बाजारात भाजी विकायला येवो, सक्करदरा चौक काही चुकत नाही. आता त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. गावातल्या केंद्रावर अर्ज भरला गेला नाही, की माणूस कागदाची पिशवी घेऊन शहरातल्या केंद्रावर येतो. तिथंही कधी कधी तेच ऐकावं लागतं, “सर्व्हर डाऊन आहे जी, उद्या या.”

झालं. दिवस गेला, एसटीचं भाडं गेलं, वावरातली मजुरी गेली. आणि पुन्हा कोणाला विचारायची सोय नाही. कारण सर्व्हर म्हणजे मुंबई-दिल्लीकडं कुठंतरी ठेवलेली मशीन. तिच्याशी भांडणार कोण?

पण अनेकदा गंमत अशी होते, की काउंटरवर सर्व्हर डाऊन असतो आणि रांगेत उभ्या पोराच्या मोबाईलवर तीच वेबसाईट चालू असते. मग डाऊन नेमकं काय आहे?

शेत जागेवर, पांदण बंद

हे समजायला कॉम्प्युटर शिकायची गरज नाही. शेतात कापूस फुटला आहे, पीक चांगलं आहे, पण पांदण रस्त्यावर कोणी दगड-काट्या टाकल्या. बंडी जात नाही. म्हणून शेत बुडालं असं कोणी म्हणतं का? वाट बंद आहे असंच म्हणतो. इंटरनेटचंही तसंच. सर्व्हर म्हणजे शेत. तिथपर्यंतची वाट ठरवणं म्हणजे राउटिंग. आणि आपल्या घरातून, ऑफिसातून बाहेर पडायचं जे दार, त्याला म्हणतात डिफॉल्ट गेटवे.

सक्करदऱ्याचंच उदाहरण घ्या. उमरेडकडून येणाऱ्याला पुढचे सगळे रस्ते पाठ नसले तरी चालतं. “आधी सक्करदऱ्याला जा, पुढं तिथं विचार,” एवढं सांगितलं तरी माणूस पोहोचतो. कॉम्प्युटरही जगातल्या सगळ्या वाटा लक्षात ठेवत नाही. पत्ता आपल्याच ऑफिसातला असेल तर तो थेट जातो. बाहेरचा असेल तर सगळं गेटवेकडं सोपवतो. हा गेटवे म्हणजे बहुतेक ठिकाणी भिंतीवरचा राउटर. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असा काहीसा असतो. हा एक आकडा चुकला, की ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, प्रिंटर चालतो, पण बाहेरची एकही साईट उघडत नाही. बघणाऱ्याला वाटतं, सर्व्हर गेला.

दोन दारांचा गोंधळ

खरा घोळ होतो तो दोन कनेक्शन असलेल्या जागी. एक लाईन सरकारी नेटवर्कची, दुसरी खासगी ब्रॉडबँडची. “एक बंद पडली तर दुसरी चालेल” म्हणून दोन्ही केबल एकाच मशीनला लावतात. ती मशीन ऑफिसचा सर्व्हर म्हणून बाकीच्या टेबलांना माहिती पुरवत असते. बसवणारा दोन्ही लाईनींच्या रकान्यात गेटवेचा पत्ता भरतो आणि निघून जातो.

इथंच चूक होते. बाहेर जायचं मुख्य दार एका वेळी एकच असायला हवं. दोन भरले तर कॉम्प्युटर दोघांपैकी ज्याचा ‘मेट्रिक’ आकडा कमी, ते दार निवडतो. आता सरकारी साईट फक्त सरकारी लाईनवरूनच उघडणारी असेल आणि मशीननं खासगी दार धरलं असेल, तर काम होणारच नाही. उलटंही घडतं. विचारणा एका लाईननं आत येते, उत्तर दुसऱ्या लाईननं बाहेर जातं आणि वाटेतच अडवलं जातं. चिठ्ठी आली उमरेडहून आणि उत्तर पाठवलं भंडाऱ्याला, असा प्रकार.

मशीन बंद-चालू केली किंवा केबल काढून लावली, की निवड बदलू शकते. म्हणून सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं. लोकांना वाटतं सर्व्हरचाच लहरीपणा आहे. विंडोजमध्ये दुसरा गेटवे भरताना इशारा देणारी सूचनाही येते, पण घाईत ‘हो’ दाबलं की ती विसरली जाते.

उपाय सोपा आहे. मुख्य गेटवे एकाच लाईनला ठेवायचा. दुसऱ्या लाईनवरून जे ठरावीक पत्ते गाठायचे आहेत, तेवढ्यांसाठी वेगळी पक्की वाट लिहून द्यायची. तंत्रज्ञ तिला स्टॅटिक रूट म्हणतात. जाणकाराला हे काम काही मिनिटांचं आहे. अडचण एवढीच, की तो जाणकार तालुक्याला एखादा असतो आणि त्याला बोलवायचं कोणी हे ठरलेलं नसतं.

बिघाड कुठं आहे, ओळखायचं कसं

शेतात पाणी पोहोचलं नाही तर आपण विहिरीपासून पाईप तपासत जातो. इथंही तोच क्रम.

पहिली चाचणी खिशात आहे. मोबाईलचं वायफाय बंद करा, स्वतःच्या डेटावर तीच साईट उघडा. उघडली तर सर्व्हर चालू आहे, बिघाड त्या ऑफिसच्या वाटेत आहे. फक्त ध्यानात ठेवा, काही आतल्या कामाच्या सरकारी प्रणाली बाहेरच्या नेटवर उघडतच नाहीत. त्यांना ही चाचणी लागू नाही.

दुसरी, केंद्रचालकानं करायची. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की स्वतःचा पत्ता आणि गेटवे दिसतो. गेटवेची जागा रिकामी असेल तर दारच लावलेलं नाही. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी केबल आणि राउटर बघावा.

तिसरी, ‘पिंग’ लिहून पुढं गेटवेचा पत्ता टाकायचा. ही म्हणजे दाराला मारलेली हाक. उत्तर आलं तर राउटरपर्यंत सगळं ठीक. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला हाक मारायची. तिथूनही उत्तर आलं, पण साईट नावानं उघडत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा बिघडलेली असू शकते. काही मशीन मुद्दाम हाकेला उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच चाचणीवर निकाल देऊ नये.

चौथी, ‘ट्रेसर्ट’. वाटेत कोणकोणते थांबे लागले ते हा आदेश दाखवतो. पहिल्याच थांब्यावर अडलं तर बिघाड आपल्या घरात. दोन-तीन थांब्यांनंतर अडलं तर बहुतेक लाईन देणाऱ्याकडं. शेवटाजवळ अडलं तर पलीकडं.

पाचवी, ‘रूट प्रिंट’. यात मशीननं पाठ केलेल्या सगळ्या वाटा दिसतात. चार वेळा शून्य असलेली ०.०.०.० ही ओळ म्हणजे मुख्य दार. अशा ओळी दोन दिसल्या तर वर सांगितलेला गोंधळ आहे का ते तपासावं.

आणखी एक. केबल लावलेली आहे, पण तिच्या पलीकडं नेट मेलेलं आहे, अशा वेळी मोबाईलचं हॉटस्पॉट जोडूनही बहुतेकदा साईट उघडत नाही. कारण मशीन केबललाच आधी पसंती देते. केबल काढून पाहिली की काम सुरू होतं. मात्र कुठलाही आकडा बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे चुकलं तर मागं येता येतं. आणि हे सगळं ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्यानंच करायचं. रांगेतल्या हुशार पोरानं सरकारी मशीनला हात लावू नये.

मोठ्यांचीही वाट हरवते

हे फक्त खेड्यातच होतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेकांना आठवत असेल. व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. सर्व्हर जळाले नव्हते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आदेशानं कंपनीच्या केंद्रांना जोडणारं आतलं जाळं तुटलं आणि ‘आमच्याकडं या वाटेनं या’ ही जगाला दिलेली सूचनाच मागं घेतली गेली. इमारती जागेवर, मशीन जागेवर, पण वाट कोणाला सापडेना. दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर असल्यानं कंपनीच्या इंजिनिअरांनाच आत पोहोचायला वेळ लागला. फरक एवढाच, की तिथं कंपनीनं दुसऱ्या दिवशी कारण लिहून जाहीर केलं. आपल्या केंद्रावर कारण कधीच कळत नाही.

गावात येणाऱ्या केबलचं काय

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावानं झालं. सुरुवातीच्या मांडणीत तालुक्याकडून निघालेली केबल एकापुढं एक गावं घेत जायची. रस्त्याच्या कामात जेसीबीचा पंजा एका जागी लागला, की पुढच्या सगळ्या गावांचं नेट जायचं. वाट एकच असली की असंच होणार.

ही चूक सरकारनंही ओळखली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ग्रामपंचायती रिंग पद्धतीनं, म्हणजे गोल फेऱ्यात जोडायच्या आहेत. एका बाजूनं केबल तुटली तर माहिती दुसऱ्या बाजूनं फिरून जाईल. तालुका आणि ग्रामपंचायत पातळीवर राउटर, विजेचा बॅकअप आणि १० वर्षांची देखभाल हेही त्यात आहे. रस्ता खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप मार्च २०२३ मध्ये आलं.

कागदावर हे चांगलं आहे. पण रिंग तेव्हाच कामाची, जेव्हा दोन केबल दोन वेगळ्या रस्त्यांनी येतात आणि राउटरला दुसरी वाट शिकवलेली असते. एकाच नालीत दोन्ही केबल टाकल्या तर एकाच घावात दोन्ही तुटतील. राउटरची सेटिंग अर्धवट राहिली तर चांगली केबल असूनही नेट बंदच. म्हणून गावाला केबल आली की नाही यापेक्षा ती तुटली तर किती वेळात जोडली जाते, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

पोच नाही, तर मुदतही नाही

याचा खरा फटका हक्काला बसतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे, नाही तर अपील करता येतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण ही मुदत मोजायची अर्ज दाखल झाल्यापासून. सर्व्हर डाऊन म्हटलं की अर्जच दाखल होत नाही. पोच नाही, अर्ज क्रमांक नाही, म्हणजे मुदतीचं घड्याळ सुरूच होत नाही. उशीर होतो कास्तकाराला, पण सरकारी हिशेबात उशीर झालेलाच नसतो.

आणि आता काम तरी कोणतं ऑनलाईन नाही? सातबारा, ई-पीक पाहणी, पीक विमा, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सीसीआयला कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी. यातल्या बऱ्याच कामांना शेवटची तारीख असते. शेवटच्या आठवड्यात तीन दिवस वाट बंद राहिली, तर पात्र माणूस बाहेर राहतो.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक केंद्रात, ग्रामपंचायतीत एक वही हवी. त्यात नेट कधी गेलं, गेटवेला उत्तर मिळत होतं का, तक्रार कोणाकडं आणि कोणत्या क्रमांकानं केली, कधी सुरू झालं, एवढं लिहावं. गेटवे आणि लाईनींची योग्य सेटिंग कागदावर लिहून कपाटात ठेवावी, पासवर्ड मात्र भिंतीवर चिकटवू नये. त्या दिवशी परत गेलेल्यांची नावं नोंदवून तारखेची चिठ्ठी द्यावी. मुदत संपल्यावर निदान सांगायला पुरावा राहील. ग्रामसभेत ही वही मागता येईल आणि महिन्यातून किती दिवस वाट बंद होती, हे गावाला कळेल.

सर्व्हर खरोखरच बंद पडतो तेव्हा केंद्रचालकाच्या हातात काही नसतं, हेही मान्य करायला हवं. शेवटच्या तारखेला राज्यभरातून गर्दी उसळली की मोठमोठ्या साईट हळू होतात. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. पण दर वेळी तेच कारण असतं हेही खरं नाही.

म्हणून पुढच्या वेळी काउंटरवरून “सर्व्हर डाऊन” ऐकू आलं, तर चिडून परत फिरू नये. शांतपणे तीन गोष्टी विचाराव्या. मोबाईलवर साईट उघडते, मग इथं का नाही? गेटवेपर्यंत तरी पोहोचतं का? तक्रारीचा क्रमांक काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर समजावं की दुरुस्त करायला कोणी निघालेलंच नाही. मग उद्या येऊनही तेच ऐकावं लागणार.