गिटार घेताना

शाळेच्या स्नेहसंमेलनाला महिनाभर अवकाश होता. एके दिवशी मधल्या सुट्टीत दहावीतला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या हातात वहीचे एक पान होते आणि पानावर दोन गिटारींच्या किमती लिहिलेल्या होत्या. एक गिटार कोरी करकरीत, परदेशी नावाची, लाल रंगाची. दुसरी नांदेडच्या एका वादकाने वापरलेली, रंग उडालेली, पण पहिलीच्या पाव किमतीत मिळणारी.

"सर," तो म्हणाला, "अब्बांनी दोन वर्षे पैसे साठवले आहेत. ते सगळे घालून नवी घ्यावी का? जुनी घेऊन स्टेजवर गेलो तर लोक हसतील."

त्याचे वडील केळीच्या बागांत घड उतरवण्याचे आणि ट्रक भरण्याचे काम करतात. अर्धापूरची केळी दूरदूर जातात. पण घड वाहणाऱ्याच्या हाती दिवसाअखेर किती पडते, हे आपल्या गावात कोणाला सांगायला नको. म्हणून मी घाईने उत्तर दिले नाही. "दोन दिवसांनी ये," असे म्हणालो.

मला माझीच गोष्ट आठवली. बी.एड.च्या वर्षी मी शिकवण्या करून पैसे जमवले आणि एक काळी चकचकीत इलेक्ट्रिक गिटार घेतली. ती दिसायला देखणी होती. मी तिची दांडी पाहिली नाही, खुंट्या फिरवून पाहिल्या नाहीत. कार्यक्रमात दुसरे कडवे सुरू झाले आणि गिटारचा आवाज एकदम बंद पडला. वायर जिथे खोचतात ते जॅक सैल झाले होते. सभागृहात हशा पिकला. गिटार कितीची आहे, हे लोकांना ठाऊकही नव्हते. ते हसले बंद पडलेल्या गाण्याला. त्या दिवसापासून माझे एक मत बनले आहे. बैल घेताना शेतकरी झूल पाहत नाही, दात आणि खूर पाहतो. गिटारचेही तसेच आहे. जे पुढे बदलता येत नाही ते आधी तपासावे. जे बदलता येते ते सवडीने बदलावे.

असे का, ते समजण्यासाठी या वाद्याची रचना पाहू. सतारीचा आवाज भोपळ्यात आणि लाकडात घुमतो. भोपळा वाईट, तर सतार वाईट. इलेक्ट्रिक गिटारचे मात्र बहुधा अंग भरीव असते. तिच्या पोलादी तारांखाली पिकअप बसवलेले असते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेटोळी. वरची तार थरथरली की वेटोळ्यांत अगदी लहान वीजप्रवाह तयार होतो. ॲम्प्लिफायर तो मोठा करतो आणि स्पीकरमधून सूर ऐकू येतो. अमेरिकेत लिओ फेंडर नावाचा गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत असे. त्याने १९५० साली अशी भरीव गिटार बाजारात आणली, की तिची दांडी चार स्क्रूंनी अंगाला जोडलेली होती. एखादा भाग बिघडला, की तो काढून दुसरा बसवायचा. पुष्कळशा स्वस्त गिटारी आजही याच पद्धतीने बनतात. स्वस्त गिटार सुधारता येते, ती यामुळेच.

मग आधी काय पाहावे? दांडी. गिटार डोळ्यासमोर धरून दांडीच्या कडेवरून नजर टाकावी. ती पिळलेली असेल तर गिटार तिथेच ठेवून द्यावी. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तिचा नट फिरवून थोडासा बाक दुरुस्त होतो, पण पीळ जात नाही. नंतर एक तार पहिल्या पडद्यावर आणि दांडीच्या शेवटी, अशी दोन्हीकडे दाबावी. मधल्या पडद्यांवर पत्त्याच्या पानाएवढी फट दिसली, की समजावे बाक ठीक आहे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे तार दाबून वाजवली, की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. किंचित फरक असेल तर घोडीवरचा तारेचा आधार मागेपुढे सरकवून तो घालवता येतो. शेवटी प्रत्येक पडद्यावर सूर वाजवून पाहावा. कुठे खरखर येते का, पडदे झिजले आहेत का, हे कान सांगतात.

दांडी चांगली निघाली, तर उरलेले पैसे क्रमाने खर्च करावेत. सर्वांत आधी नव्या तारा घालाव्यात आणि जाणकाराकडून गिटार जुळवून घ्यावी. नुसत्या एवढ्याने जुनी गिटार नवी झाल्यासारखी वाटते. मग जॅक आणि आवाज कमीजास्त करण्याची बटणे बदलावीत. हे भाग स्वस्त असतात, पण स्टेजवर दगा देतात ते हेच. त्यानंतर खुंट्या. सूर उतरत राहिला, तर उत्तम वादकही बेसूर ठरतो. पिकअप सर्वांत शेवटी बदलावे, कारण त्याला पैसे जास्त लागतात. एकेरी पिकअपमध्ये विजेची घूं-घूं ऐकू येते. ती घालवण्यासाठी १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचे पिकअप तयार केले. त्यातली वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असल्याने घूं-घूं आपोआप कटते.

एका गोष्टीत मात्र कधीही काटकसर करू नये. ती गोष्ट म्हणजे अर्थिंग. गिटारच्या तारा घोडीतून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. आपल्याकडे मांडवात वीज कुठून तरी ओढलेली असते आणि तीन पिनांच्या प्लगची एक पिन काढून टाकण्याचीही सवय असते. अशा वेळी एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले, तर जिवावर बेतू शकते. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी शहरात लेस हार्वे हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागल्याने स्टेजवरच मरण पावला. गिटार दोन हजारांची असो की दोन लाखांची, हा धोका सारखाच असतो.

काही जण म्हणतील, जुन्या वस्तूवर खर्च करण्यापेक्षा एकदाच चांगली घ्यावी. या म्हणण्यात तथ्य आहे. सुधारलेली स्वस्त गिटार विकायला काढली, तर घातलेले पैसे परत मिळत नाहीत. आणि दांडीच वाईट असेल, तर सगळा पैसा पाण्यात जातो. पण ज्याला वाजवायचेच आहे, विकायचे नाही, त्याला हा तोटा फारसा जाणवत नाही. उलट वाद्य उघडून दुरुस्त करताना तो ते आतून ओळखू लागतो.

पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी पुढे ज्या क्वीन वाद्यवृंदात गात असे, त्याच वाद्यवृंदात ब्रायन मे गिटार वाजवत. १९६३ साली ते सोळा वर्षांचे होते. चांगली गिटार घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड घेतले. त्यातली किड्यांची भोके आगकाड्यांनी बुजवली. दांडीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे वापरली. स्वतः केलेले पिकअप खरखरू लागले, तेव्हा विकतचे आणून बसवले. २००२ साली लंडनमध्ये राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्यांनी वाजवली ती हीच गिटार.

इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्याच महाराष्ट्रात मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावत आणि ती दुरुस्त करत असत. १९व्या शतकात हत्यारांचे काम कमी झाले, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्ये दुरुस्त करू लागले आणि त्यातूनच सतारी व तंबोरे घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य दुरुस्त करणारा हात वाद्य घडवणारा झाला, असा त्या गावाचा इतिहास आहे.

दोन दिवसांनी तो विद्यार्थी पुन्हा आला. हे सारे मी त्याला सांगितले. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे आणि त्याचे अब्बा नांदेडला गेलो. गिटारची दांडी सरळ होती. तारा आणि जॅक बदलले. खुंट्या बदलायचे पुढच्या वर्षावर टाकले. जे पैसे वाचले, त्यांतून त्याच्या बहिणीची शिकवणीची फी भरली गेली.

संमेलनाच्या दिवशी मी स्वतः प्लगची तिसरी पिन तपासली. मुलगा स्टेजवर गेला. गिटारचा उडालेला रंग दिव्यांच्या उजेडात स्पष्ट दिसत होता. कोणी हसले नाही. गाणे संपल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "पुन्हा एकदा!" त्याचे अब्बा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नुसती मान हलवली.