कर्ज तीस वर्षांचे, विमा एका वर्षाचा

अमेरिकेतील लोकसंख्येचा तोल गेल्या सत्तर वर्षांत दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे झुकत गेला आहे. १९५० च्या जनगणनेत पहिल्या दहा शहरांत उबदार हवेचे शहर एकच होते, ते म्हणजे लॉस एंजलिस. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बाल्टिमोर, सेंट लुई अशा थंडीच्या आणि कारखान्यांच्या शहरांचा तो काळ होता. २०२० च्या जनगणनेत हे चित्र उलटले. लॉस एंजलिस, ह्यूस्टन, फिनिक्स, सॅन अँटोनियो, सॅन डिएगो, डलास आणि सॅन होजे अशी दहापैकी सात शहरे आता ‘सन बेल्ट’मधील आहेत. राजकीय भाष्यकार केव्हिन फिलिप्स यांनी १९६९ मध्ये रूढ केलेला हा शब्द पुढे एका सबंध स्थलांतराचे नाव ठरला.

या स्थलांतराला वातानुकूलन यंत्रांनी हातभार लावला, महामार्गांनी लावला आणि स्वस्त जमिनीने तर सर्वाधिक लावला. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, ॲरिझोनात तो २०२३ पासून सरसकट अडीच टक्के आहे. बर्फ उपसायचा नाही, कर कमी आणि घर मोठे, एवढा हिशेब शिकागो किंवा न्यू जर्सीहून निघालेल्या कुटुंबाला आजवर पुरेसा वाटत असे.

तो आता पुरेसा राहिलेला नाही. अमेरिकेत घराचे कर्ज बहुधा तीस वर्षांचे आणि स्थिर व्याजदराचे असते. त्या घराचा विमा मात्र दरवर्षी नव्याने काढावा लागतो आणि विमा असल्याखेरीज बँक कर्ज देत नाही. शहराच्या हवामानात जो धोका दडलेला आहे, त्याची किंमत घर घेताना पूर्णपणे दिसत नाही. ती पुढे विम्याच्या हप्त्यातून, विजेच्या बिलातून किंवा मालमत्ता करातून वसूल होते. म्हणूनच उबदार शहर निवडताना कोणता धोका पत्करायचा आणि त्याचे बिल कोणत्या मार्गाने येणार, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

वाळवंटातील महानगर

फिनिक्सची लोकसंख्या २०२० मध्ये १६ लाखांवर गेली आणि ते देशातील पाचवे मोठे शहर ठरले. येथे चक्रीवादळ नाही, भूकंपाचे भय नाही. येथे उष्मा आहे. जुलै २०२३ च्या अखेरीस शहराने सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान सोसले. नागपूर-चंद्रपूरचा वैशाख अनुभवलेल्यांना हा आकडा अपरिचित वाटणार नाही. तथापि फिनिक्सची खरी अडचण रात्रीची आहे. काँक्रीट आणि डांबर दिवसभराची उष्णता धरून ठेवतात आणि त्या जुलैत अनेक रात्री पारा ३२ अंशांखाली उतरलाच नाही. शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तेथे २०२३ मध्ये उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघरांचा वाटा मोठा होता. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी वातानुकूलन यंत्र नव्हते किंवा असलेले बंद होते. येथे वातानुकूलन ही चैन उरलेली नसून वीज कधीही न जाणे हीच जगण्याची अट झाली आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. राज्याच्या १९८० च्या भूजल कायद्यानुसार नव्या वसाहतीला शंभर वर्षे पुरेल एवढ्या पाण्याची हमी दाखवावी लागते. जून २०२३ मध्ये राज्यपाल केटी हॉब्ज यांच्या सरकारने केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या गृहप्रकल्पांना फिनिक्स परिसरात मंजुरी थांबवली. मूळ शहराला सॉल्ट, व्हर्डी आणि कोलोरॅडो या नद्यांचे पाणी मिळते. त्यामुळे या निर्णयाची झळ शहराला कमी आणि स्वस्त घरे जिथे उभी राहत होती त्या बाहेरच्या पट्ट्याला अधिक बसली.

नकाशाबाहेरचा पूर

सुमारे २३ लाख वस्तीच्या ह्यूस्टनमध्ये घरे आजही तुलनेने स्वस्त आहेत. जमीन मुबलक आहे आणि शहरात वापरानुसार जमिनीचे विभाग पाडणारा झोनिंग कायदाच नाही. त्यामुळे बांधकाम सोपे झाले, त्याचबरोबर पाणी जिरवणारी गवताळ जमीनही झाकली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘हार्वे’ वादळ आले तेव्हा हॅरिस काउंटीत सुमारे दीड लाख घरांत पाणी शिरले. त्यांतील निम्म्याहून अधिक घरे अधिकृत नकाशातील शंभर वर्षांच्या पूररेषेबाहेर होती. घराच्या सर्वसाधारण विम्यात पुराचे नुकसान धरले जात नाही, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. पूररेषेबाहेर त्याची सक्ती नसल्याने बहुतेकांनी तो घेतलेलाच नव्हता.

विजेचे चित्रही फारसे दिलासादायक नाही. फेडरल नियंत्रण टाळण्यासाठी टेक्सासने आपले वीजजाळे शेजारी राज्यांपासून बहुतांशी अलग ठेवले. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात हे जाळे कोसळण्याच्या बेतात आले. अधिकृत आकडेवारीनुसार २४६ जणांचा बळी गेला, तोही ज्या राज्यात लोक थंडी टाळण्यासाठी येतात तेथे. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ वादळानंतर ह्यूस्टन परिसरात २२ लाखांवर ग्राहक ऐन उकाड्यात अंधारात होते. शिवाय उत्पन्नकर नसल्याची भरपाई मालमत्ता करातून होते. तो घराच्या किमतीच्या साधारण दीड ते दोन टक्के असल्याने चार लाख डॉलरच्या घरावर दरसाल सहा ते आठ हजार डॉलर भरावे लागतात. नोकरी गेली तर उत्पन्नकर थांबतो, हा कर थांबत नाही.

किनाऱ्याचे आकर्षण

मायामी सच्छिद्र चुनखडीवर वसलेले आहे. त्यामुळे भिंत बांधून समुद्र अडवावा म्हटले, तरी पाणी जमिनीखालून वर येते. मोठ्या भरतीला निरभ्र दिवशीही काही रस्त्यांवर पाणी साचते. वादळे आणि कज्जे यांनी बेजार झालेल्या अनेक विमा कंपन्यांनी अलीकडच्या वर्षांत फ्लोरिडात दिवाळे काढले आणि राज्याच्या ‘सिटिझन्स’ या विमा संस्थेकडील पॉलिसी २०२३ मध्ये १४ लाखांवर गेल्या. डिसेंबर २०२२ च्या कायदेशीर सुधारणांनंतर खासगी कंपन्या परतू लागल्या आणि हा आकडा खाली आला. हप्ते मात्र देशात सर्वाधिक गणले जातात.

जून २०२१ मध्ये मायामीलगतच्या सर्फसाइड येथे बारा मजली इमारत कोसळून ९८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती निधी सक्तीचा झाला. हा निर्णय योग्यच होता. परंतु समुद्राकाठी स्वस्त फ्लॅट घेऊन निवृत्त झालेल्यांवर त्यातून येणारी वर्गणी जड पडत आहे.

हवा उत्तम, घर दुर्मीळ

निव्वळ हवेचा विचार केला तर सॅन डिएगोला तोड नाही. तथापि तेथे स्वतंत्र घराची मध्यम किंमत दहा लाख डॉलरच्या आसपास आहे. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’मुळे मालमत्ता कर खरेदीच्या किमतीला बांधला गेला. जुन्या रहिवाशाला त्याचा लाभ होतो आणि नवागताला शेजाऱ्याहून कितीतरी अधिक कर भरावा लागतो. तिकडे ‘स्टेट फार्म’ या बड्या कंपनीने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे घेणे थांबवले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिस परिसरातील वणव्यांत १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्यानंतर काही महिन्यांतच याच कंपनीला सरासरी १७ टक्के तातडीची दरवाढ मिळाली.

मराठी कुटुंबांपुढील गणित

डलासची उपनगरे, ह्यूस्टन आणि फिनिक्स येथे मराठी कुटुंबांची वस्ती वाढत आहे. त्यांच्या बाबतीत एक बाब अधिक बिकट आहे. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीची नोकरी गेल्यास दुसरी शोधण्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि देशनिहाय मर्यादेमुळे भारतीयांची ग्रीनकार्डाची प्रतीक्षा अनेक वर्षे लांबते. अशा स्थितीत तीस वर्षांचे कर्ज घेणाऱ्याने केवळ घराची किंमत पाहून चालणार नाही. त्या शहरात दुसरी नोकरी किती लवकर मिळेल आणि घर घाईने विकावे लागल्यास नव्या खरेदीदाराला विमा परवडेल काय, हेही पाहावे लागेल. या कसोटीवर अनेक उद्योगांचे डलास हे एकाच उद्योगावर उभ्या असलेल्या लहान शहरापेक्षा सुरक्षित ठरते. गारपीट आणि चक्रीवाती वादळांचा विमा मात्र तेथेही चुकत नाही.

निर्धोक शहर यांपैकी एकही नाही, थंडीची शहरेही तशी नाहीत. परंतु घर पसंत करण्यापूर्वी त्याच पत्त्याचा विमा आणि पूरविमा यांचे दर मागवणे, मागील मालकाची उन्हाळ्यातील वीजबिले पाहणे आणि मालमत्ता कराचा हिशेब मांडणे कोणालाही शक्य आहे. बांधकाम व्यावसायिकाच्या माहितीपत्रकात हे तिन्ही आकडे ठळकपणे नसतात. या शहरांतील पुढची दहा-वीस वर्षे मात्र त्यांवरच ठरणार आहेत.