नकाशावर आपले दुकान कुठे आहे?

पुण्याच्या पेठांत माल पोहोचविणे हे आजही कसबाचे काम आहे. रविवार पेठेतील कापडगंज, बोहरी आळी, गंज पेठ, मोमीनपुरा, भवानी पेठ, या सर्व भागांत रस्ते बैलगाडीच्या काळातले आणि वाहने आजची. पूर्वी इचलकरंजी किंवा मालेगावहून आलेला टेम्पोवाला नाक्यावरच्या पानवाल्याला पत्ता विचारीत असे. आता काचेजवळ लावलेला फोन सांगेल तिकडे तो वळतो. ही सोय की गैरसोय, यावर आमच्या व्यापारी बंधूंत नेहमी वाद होतो. आमच्या मते दोष यंत्राला देण्याआधी ते यंत्र काय जाणते आणि काय जाणत नाही, हे पाहिले पाहिजे.

जीपीएस ही मूळ अमेरिकेची व्यवस्था. किमान 4 उपग्रहांचे संकेत मिळाले की फोनला आपली जागा कळते. मे 2000 पर्यंत अमेरिकन सरकार सर्वसामान्यांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळीत असे. ते बंद झाल्यावरच हे साधन रस्त्यावर खरे उपयोगी पडू लागले. आज मोकळ्या आभाळाखाली फोनची चूक साधारण 5 मीटरची असते. महामार्गावर 5 मीटर म्हणजे काहीच नाही. पेठेत मात्र तेवढ्यात दुसरा बोळ लागतो. त्यातच दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींवर आपटून संकेत आला की चूक आणखी वाढते. मग फोन म्हणतो, पोहोचलात, आणि दुकान असते मागच्या गल्लीत!

दुसरी गोष्ट वाहनाच्या रुंदीची. मोटारीला जो रस्ता पुरतो तो गाठींनी भरलेल्या टेम्पोला पुरत नाही. जुलै 2024 मध्ये गूगलने अरुंद रस्ते टाळण्याची सोय भारतात 8 शहरांत सुरू केली, त्यात पुणे नव्हते, आणि ती सोयही मोटारींसाठी होती. गेल्या वर्षी आमच्याकडे भिवंडीहून आलेला टेम्पो फोनच्या सांगण्यावरून अशाच एका बोळात शिरला. पुढे जिना, मागे रिक्षांची रांग. दोन तास गेले, गाठी हमालांच्या पाठीवरून आणाव्या लागल्या आणि हमाली दुप्पट पडली. चालक बिचारा परगावचा, त्याला काय बोलणार? ज्येष्ठात पालख्या नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात, पुढे गणेशोत्सव येतो. त्या दिवसांत कोणता रस्ता किती वाजता बंद, हे फोनपेक्षा चौकातला हमाल अधिक खात्रीने सांगतो.

शहराबाहेर तर प्रश्न जिवाचा होतो. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशाच्या आधाराने चाललेली मोटार पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट धरणाच्या पाण्यात गेली आणि चालक दगावला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले. रात्री माल घेऊन निघणाऱ्या चालकाला मालकानेच बजावले पाहिजे की, रस्ता अनोळखी आणि पुढे अंधार दिसला तर गाडी थांबव, माणसाला विचार, उशीर झाला तरी चालेल. कायद्याचेही भान हवे. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमानुसार गाडी चालविताना हातातला फोन केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि लक्ष ढळणार नाही अशा रीतीनेच वापरता येतो.

आता आपल्या बाजूचे बोलू. हिंजवडी किंवा वाघोलीत राहणाऱ्या गिऱ्हाइकाला बुधवार आणि रविवार पेठेतला फरक ठाऊक नसतो. तो फोनमध्ये नाव घालतो आणि जे दुकान दिसेल तिथे जातो. आमचे रफूगर, जरीकाम करणारे, शिलाई कारागीर यांच्या हातात हुन्नर आहे, पण नकाशावर त्यांचे नाव नाही. कोणाचे असले तर खूण तीन दुकाने सोडून पडलेली. आपण गल्लीचे नाव उर्दूत बोलतो, मराठीत लिहितो आणि नकाशावर इंग्रजीत शोधतो. हिज्जे जुळत नाहीत आणि गिऱ्हाईक परत जाते. ही रोजी आपण बसल्या जागी गमावतो.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. दुकानाच्या दारात उभे राहून खूण लावावी, नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत द्यावे. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असेल तर तीही वेळ लिहावी. माल मागविताना टेम्पोवाल्याला दुकानाची नव्हे, तर टेम्पो जिथे उभा राहू शकतो त्या जागेची खूण पाठवावी आणि सोबत हमालाचा फोन नंबर द्यावा. मे 2025 मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला आहे. सुमारे 4 मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला त्यात 10 अक्षरांचा क्रमांक मिळतो. तो बिलावर छापावा. मात्र त्यात मजला कळत नाही, म्हणून मजला लिहिण्यास विसरू नये.

ज्या कारागिराला हे जमत नाही त्याचे काम शेजारच्या व्यापाऱ्याने किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाने करून द्यावे. दहा मिनिटांचे काम आहे. बाजारातील संघटनांनी एका रविवारी गल्लीतून फिरून सर्वांच्या खुणा लावून घेतल्या, तर येत्या सणाच्या हंगामातच त्याचा फायदा दिसेल.